जखम भरल्यावरही

कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सन १७४० साली इंग्लंडहून आरमारी सफरीवर निघाला, तेव्हा त्याच्या जहाजांवर निवृत्त झालेले म्हातारे, पंगू सैनिकही चढवले होते. त्यांतला एक जण पन्नास वर्षांपूर्वी, १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. जखमा तेव्हाच भरल्या होत्या आणि माणूस पुढं कित्येक वर्षं ठणठणीत होता. समुद्रावर महिनोन् महिने ताजी भाजी नाही, फळ नाही. जहाजावर स्कर्व्हीची साथ पसरली. या म्हाताऱ्यालाही तो रोग जडला आणि त्याच्या अर्धशतकापूर्वीच्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. सफरीचा वृत्तांत १७४८ मध्ये छापला गेला, त्यात ही नोंद आहे.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा कितीतरी वेळ माझ्या डाव्या अंगठ्यावरच्या विळीच्या वणाकडं पाहत बसले होते. सातवीत असताना कैरी चिरताना झालेली जखम. टाके दोन, वण इंचभर. तो माझ्या लेखी केव्हाच संपलेला विषय होता. पण म्हाताऱ्या सैनिकाची गोष्ट वेगळंच सांगत होती. वण कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. हे धागे एकदा विणले की काम संपलं, असं होत नाही. शरीर ते सतत मोडतं आणि सतत नवे विणतं. नवा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेनासं झालं की मोडणं चालू राहतं, विणणं अडतं आणि पन्नास वर्षं बंद असलेलं दार उघडतं.

बोस्टनमधल्या जॉन क्रँडन या तरुण सर्जननं १९३९ मध्ये हे स्वतःच्या अंगावर तपासून पाहिलं. सहा महिने त्यानं क जीवनसत्त्वाचा अंशही पोटात जाऊ दिला नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम घेतलेला काप नीट भरून आला. सहाव्या महिन्यातला काप मात्र वरून मिटल्यासारखा दिसला तरी आत पोकळच राहिला. मग जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली आणि जखम भरली.

या पुस्तकाला जे सांगायचं आहे त्याचं मूळ या दोन हकीकतींत आहे. वण म्हणजे झालेल्या घटनेची निव्वळ खूण, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथं शरीर अजून कामावर असतं. हे एकदा ध्यानात आलं, की वण का पडतो, कुणाला जास्त पडतो, त्यावर काय करता येतं आणि ते केव्हापर्यंत करता येतं, या सगळ्या प्रश्नांची मांडणीच बदलते.

आपल्या भाषेनं एक गमतीची गोष्ट जपून ठेवली आहे. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम. त्याच शब्दाचा मराठीत ‘वण’ झाला आणि अर्थ सरकला: जखम मागं पडली, तिची खूण शब्दात राहिली. सुश्रुतसंहितेत व्रण या शब्दाची जी फोड केली आहे तिच्यात या सरकण्याचं बीज सापडतं. जखम भरून आली तरी तिचं वास्तव्य देह असेपर्यंत नाहीसं होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणायचं, असा तिथला आशय आहे. म्हणजे वण मागं ठेवणं हा जखमेच्या व्याख्येतलाच भाग धरला आहे. उरलेल्या खुणेला तिथं वेगळं नावही आहे, व्रणवस्तु.

पण व्याख्या करून सुश्रुत थांबत नाहीत. व्रणाच्या चिकित्सेत साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांतले शेवटाकडचे काही जखम भरल्यानंतरचे आहेत. पांढऱ्या पडलेल्या वणाला कातडीचा रंग आणण्यासाठी कृष्णकर्म, काळवंडलेल्यासाठी पांडुकर्म, आणि वणावर पुन्हा केस उगवावेत म्हणून रोमसंजनन. हे उपाय किती लागू पडत होते याचा निवाडा मी करणार नाही. मला त्या यादीतली नजर महत्त्वाची वाटते. वणावर केस येत नाहीत हे त्या वैद्यांनी टिपलं होतं, आणि केस आले म्हणजे कातडी खऱ्या अर्थानं परत आली हेही ओळखलं होतं. आजच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पाठीवरची जखम वणानं भरली की नव्या कातडीनं, हे ठरवायचं असेल तर संशोधक पहिल्यांदा तेच पाहतात: केसाची मुळं आली का?

हे पुस्तक लिहावंसं वाटलं त्याला कारण माझी मावशी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकल्या तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूवर, दंडावर सांडलं. घरच्यांनी आधी टूथपेस्ट लावली, मग दवाखाना. पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. शेवटच्या खेपेला तिला सांगण्यात आलं, जखम भरली, आता यायची गरज नाही. त्या वाक्यावर आम्ही सगळे खूश झालो. पुढच्या चार महिन्यांत कोपर हळूहळू वाकत गेला. आधी वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, मग वेणी घालता येईना. वण लाल, जाड, दोरखंडासारखा ताठ झाला होता आणि रात्री इतका खाजायचा की ती उठून बसायची. सांध्याच्या आतल्या बाजूला भाजलं असेल तर तो सरळ ठेवायला पट्टी बांधावी लागते, रोज व्यायाम लागतो, घट्ट दाबाचे कपडे महिनोन् महिने घालावे लागतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं. तेलकट ड्रेसिंग सुटलं त्या दिवशी आमच्या लेखी गोष्ट संपली होती. तिच्या कातडीच्या लेखी ती अर्ध्यावरही आली नव्हती.

तेव्हा नवख्या वाचकासाठी मुळापासून सांगते.

कातडीचे ढोबळमानानं दोन थर. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ, सतत झडणारी आणि सतत नवी होणारी. तिच्याखाली अंतस्त्वचा: जाड, चिवट, तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. नुसती वरची त्वचा खरचटली तर ती जशीच्या तशी परत येते. गुडघा फुटून घरी आलेल्या मुलांच्या शंभर खरचटण्यांपैकी बहुतेकांची नावनिशाणीही उरत नाही ती यामुळं. जखम खाली किती गेली यावर सगळं ठरतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या कमरेजवळच्या कातडीवर एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खोल होत जाणारा ओरखडा मोजून मापून काढला. उथळ टोक खूण न ठेवता भरलं. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त खोलीपासून, म्हणजे तिथल्या कातडीच्या जाडीच्या एकतृतीयांशानंतर, वण सुरू झाला. एकाच ओरखड्याचं एक टोक विसरलं गेलं, दुसरं राहिलं.

या रेषेच्या खाली गेलेल्या जखमेत काय होतं ते एखाद्या फुटलेल्या बांधासारखं आहे. पाणी वाहतंय, तेव्हा कुणी घडीव चिरे शोधत बसत नाही. हाताला येईल ती माती, दगड, पोती टाकतात. आधी बिंबाणू धावतात, रक्त गोठतं, वर खपली धरते. मग पांढऱ्या पेशी जंतू मारतात, मेलेला भाग खाऊन टाकतात. याच दिवसांत जखम लाल, गरम, ठणकणारी असते; यालाच दाह म्हणतात. त्यांच्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी पुढच्या कारागिरांना हाका घालतात. हे कारागीर म्हणजे फायब्रोब्लास्ट. ते खड्ड्यात कोलॅजेन ओततात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डॉक्टर ज्याला ‘लाल मांस भरतंय’ म्हणतात ते दिसू लागतं. काही फायब्रोब्लास्ट रूप बदलतात आणि स्नायूसारखे आकसू लागतात. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जिउलिओ गॅबिआनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्यांची ओळख पटवली. जखमेच्या कडा जवळ ओढण्याचं काम यांचं. छोट्या जखमेत ते वरदान असतं. कोपराच्या आत, मानेवर, बोटांच्या पेरांवर तेच आकसणं सांधा वाकवून टाकतं. मावशीचा हात वाकवणारे हेच होते, आणि ते आपलं काम चोख करत होते.

चांगल्या कातडीत कोलॅजेनचे धागे टोपलीच्या विणीसारखे आडवेतिडवे असतात, म्हणून ती कुठल्याही दिशेनं ताणली तरी परत येते. वणात ते जाड जुडग्यांनी एकाच दिशेनं, ताणाच्या रेषेत पडतात. त्यामुळं वण घट्ट असतो पण लवचीक नसतो. घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत. ताकदही पूर्ण परतत नाही. पहिल्या आठवड्यात जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम तीन टक्के असते, तीन आठवड्यांनी वीस-तीस टक्के, आणि तीन महिन्यांनंतर ती सुमारे ८० टक्क्यांवर जाऊन अडते. टाके काढल्यावर जड उचलू नका असं सांगतात त्यामागं हे आकडे आहेत.

भाजलेल्या जखमांच्या बाबतीत अनुभवी डॉक्टर एक साधी मोजपट्टी वापरतात. दोन-तीन आठवड्यांत भरली तर वण फारसा त्रास देत नाही. त्याहून लांबली तर तो उठून, जाड होऊन येण्याची शक्यता खूप वाढते, आणि म्हणून अशा खोल जखमेवर वाट पाहत न बसता कातडी बसवायचा विचार लवकर करतात. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यानं भाजणं खोल जात नाही. टूथपेस्टनं काहीच साधत नाही. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक असतं तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

कातडी बसवण्याच्या विद्येच्या इतिहासातलं एक पान पुण्याचं आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैनिकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये वर्णन आणि चित्र छापून आलं. मेणाचा साचा, कपाळावर आखणी, कातडीचा पदर दोन डोळ्यांच्या मधोमध एका पट्टीनं जोडलेला ठेवून खाली उलटवणं, शिवण घट्ट राहावी म्हणून भिजवलेल्या कातात माखलेल्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापणं. कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. याच वर्णनावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यूनं १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीचा नवा अध्याय सुरू झाला. नाकाची ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत असते. मला त्या मजकुरातला एक छोटा तपशील जास्त मोलाचा वाटतो: कपाळावरचा वण काळानं फारसा नजरेत येत नाही, असं तिथं नमूद केलं आहे. म्हणजे कातडी कुठून घ्यायची हे ठरवताना मागं काय राहील, याकडंही लक्ष होतं.

१८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँगरनं शवांच्या कातडीत गोल टोकाच्या हत्यारानं भोकं पाडली. भोकं गोल न राहता लांबट झाली, आणि शरीराच्या प्रत्येक भागात त्या लांबटपणाची दिशा ठरलेली होती. कातडी आधीपासूनच ताणलेली असते हे त्यातून कळलं. सर्जन आजही या ताणरेषांचं भान ठेवून काप घेतात. रेषेला धरून घेतलेला काप बारीक वण ठेवतो, आडवा घेतलेला रुंदावतो. पुढं १९६२ मध्ये जॉर्ज विंटरनं डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की ओलसर, झाकलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं नव्या त्वचेनं झाकली जाते. ‘वारा लागू दे, सुकू दे’ हा आपल्या घराघरांतला सल्ला तिथंच मोडीत निघाला, पण घरांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

वण पडूच नये, असं घडतं का? घडतं. हा या क्षेत्राला कलाटणी देणारा शोध. गर्भावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या, तेव्हा १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन आणि त्यांच्याकडं शिकणारे मायकेल लाँगेकर यांच्या लक्षात आलं की कोवळ्या गर्भावरची जखम वण न ठेवता भरते. माणसात साधारण २४ आठवड्यांपर्यंत हे सामर्थ्य असतं, मग हरवतं. आधी वाटलं, गर्भजलाची किमया असेल. मग मेंढीच्या गर्भावर प्रौढ मेंढीची कातडी बसवून तिच्यावर जखम केली. त्याच पाण्यात, त्याच ऊबेत तिच्यावर वण पडला. आणि गर्भाची कातडी प्रौढ उंदराच्या कातडीखाली बसवली, तर ती वणाशिवाय भरली. म्हणजे गुण जागेचा नाही, कातडीचाच आहे.

इथून पुढं मतं फुटतात, आणि नवख्या वाचकाला या फाट्यांची ओळख हवीच.

एक पक्ष सगळं खापर दाहावर फोडतो. गर्भाच्या जखमेत दाह नगण्य असतो, तोंडाच्या आतल्या जखमांतही कमी असतो आणि तिथं वणही कमी पडतात. पॉल मार्टिन यांच्या गटानं २००३ मध्ये मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच नसलेल्या नवजात उंदरांच्या जखमा तितक्याच वेगानं आणि वणाशिवाय भरताना दाखवल्या. पण प्रौढ उंदरांत मॅक्रोफेज सुरुवातीलाच काढून टाकले तर जखम नीट भरतच नाही. हा पक्ष अर्धा बरोबर आहे असं माझं मत आहे: दाह गरजेचा आहे, त्याचं रेंगाळणं घातक आहे.

दुसरा पक्ष रेणूंचा. टीजीएफ-बीटा या रासायनिक संदेशाची तीन रूपं आहेत. त्यांतलं तिसरं गर्भात जास्त असतं, तर तेच जखमेत टोचावं, असा मँचेस्टरच्या मार्क फर्ग्युसन यांचा विचार होता. सुरुवातीच्या चाचण्यांनी मोठी आशा लावली. रेनोव्हो या कंपनीचं ते औषध २०११ मध्ये अखेरच्या टप्प्यातल्या चाचणीत नापास झालं. वण पुसणारं एकच इंजेक्शन मिळेल, ही आशा तेव्हापासून बरीच ओसरली आहे, आणि ती ओसरली हे बरं झालं असं मला वाटतं, कारण त्यानंतरच प्रश्न जास्त खोलवर विचारले जाऊ लागले.

तिसरा पक्ष विचारतो, फायब्रोब्लास्ट सगळे एकच का? लाँगेकर यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेनं २०१५ मध्ये दाखवलं की उंदराच्या पाठीवरचा बहुतेक वण एका विशिष्ट वंशाच्या फायब्रोब्लास्टांचं काम आहे. गर्भावस्थेत त्यांच्यात एनग्रेल्ड-१ हे जनुक चालू झालेलं असतं. आणि इथं चौथा, ताणाचा पक्ष येऊन मिळाला, जो लँगरपासून चालत आला आहे. कातडीवरचा ताण पेशींना जाणवतो आणि तोच त्यांना वण घालायला लावतो. २०२१ मध्ये याच प्रयोगशाळेनं व्हर्टेपॉर्फिन हे डोळ्यांच्या आजारात वापरलं जाणारं औषध उंदरांच्या जखमेत दिलं. ताणाचा निरोप पेशीपर्यंत पोचण्याची वाट त्यानं अडवली, आणि महिन्याभरात तिथं केस, ग्रंथी आणि टोपलीच्या विणीचं कोलॅजेन परत आलं. रोमसंजनन! माणसाची कातडी उंदरापेक्षा जाड, घट्ट बांधलेली. उंदराच्या जखमा मुख्यतः आकसून मिटतात, आपल्या भरून येतात. त्यामुळं हुरळून जायचं कारण नाही. पण ‘प्रौढ कातडीला नवी कातडी करताच येत नाही’ हे विधान आता कुणी ठामपणे करत नाही. आफ्रिकेतला काटेरी उंदीर तर निसर्गतःच ते करतो: शत्रूच्या तावडीतून सुटताना पाठीवरच्या निम्म्याहून जास्त कातडीचं लक्तर सोडून पळतो आणि काही आठवड्यांत केसांसकट ती परत उगवते. अ‍ॅशली सीफर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये मांडलं.

मग आपल्याला वण का? बहुतेक अभ्यासकांचं उत्तर आहे, घाई. स्वच्छ पाणी, पट्टी, प्रतिजैविक यांतलं काहीही नसलेल्या जगात उघडी जखम म्हणजे रक्तस्राव आणि जंतू. जो लवकर मिटला तो जगला. सुंदर मिटण्याला वेळ नव्हता. हे उत्तर मला पटतं, पण ते प्रयोगानं सिद्ध करणं अवघड आहे, हेही वाचकानं लक्षात ठेवावं. कातडीखेरीज इतर अवयवांतही हाच सौदा दिसतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मेलेल्या स्नायूच्या जागी पडणारा वण हृदय फुटू देत नाही. तोच वण नीट आकुंचन पावत नाही म्हणून हृदय पुढं थकतं. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या कितीतरी दीर्घ आजारांत हीच विणकर मंडळी कामाला लागलेली असतात. कातडीचा वण समजून घेणं हे या सगळ्यांकडं जाणारं दार आहे, कारण कातडी डोळ्यांसमोर असते.

केलॉइडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो आपल्या लोकांचा प्रश्न आहे. साधा उठलेला वण जखमेची हद्द ओलांडत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो, शेजारच्या चांगल्या कातडीत खेकड्याच्या नांग्यांसारखा पसरतो. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई अलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला दिलेलं नाव या नांगीवरूनच आलं. कान टोचल्यावर पाळीला आलेली गाठ, छातीवरच्या मुरुमानंतर वाढत गेलेला ताठ लाल गोळा, ही त्याची नेहमीची रूपं. सावळ्या-काळ्या कातडीत तो गोऱ्या कातडीपेक्षा बराच जास्त आढळतो. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं, सिलिकॉनच्या पट्ट्या, दाब, कापल्यावर किरणोपचार असे उपाय जोडून करावे लागतात. प्रयोगशाळेतल्या उंदराला केलॉइड होत नाही, त्यामुळं त्याचा अभ्यास मागं राहिला. आणि ज्या पाठ्यपुस्तकांवर डॉक्टर घडतात त्यांतली चित्रं पिढ्यान् पिढ्या मुख्यतः गोऱ्या कातडीची होती; आमच्या कातडीवर लाली जांभळट-काळपट दिसते हे विद्यार्थ्याला रुग्णावरच शिकावं लागतं.

वणानं माणसांची नोंदही ठेवली आहे. देवीची पहिली लस हिंदुस्थानात १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत दंडावरचा गोल वण हा लस घेतल्याचा दाखला होता. देवी-निर्मूलनाच्या मोहिमेत कर्मचारी घरोघरी जाऊन हे वण मोजत. ज्यांना लस मिळाली नाही त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण राहिले. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही, तरी ते चेहरे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत आपण पाहिले आहेत. पोलिसांच्या बेपत्ता व्यक्तींच्या जाहिरातीत आजही वर्णनात जुन्या जखमेचा व्रण येतो.

आणि ज्या वणांची नोंद कुणी नीट ठेवली नाही तेही आहेत. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांत एके काळी इतकी नित्याची होती की वाचणाऱ्याची नजर तिच्यावर थांबत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं भारतात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. अ‍ॅसिड-हल्ल्यासाठी भारतीय दंडविधानात स्वतंत्र कलमं २०१३ मध्ये आली. वाचलेल्या बाईला पुढची चाळीस वर्षं त्या कातडीत काढायची असतात, आणि तिच्यासाठीची व्यवस्था ड्रेसिंग सुटतं तिथंच बहुतेकदा संपते.

व्यवस्था उभी करणारेही आपल्याच शहरांत आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० मध्ये त्वचापेढी उभी केली; मृत्यूनंतर दान केलेली कातडी खोल भाजलेल्या रुग्णाला झाकण म्हणून मिळू लागली. भाजलेल्या जखमेवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग हेही त्यांच्या गटानं शास्त्रशुद्ध तपासून प्रसिद्ध केलेलं काम. पान मेणासारखं गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, सोलताना रुग्ण कळवळत नाही, आणि ते कुठंही मिळतं. हळदीची कथा यापेक्षा जास्त गाजली: जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. हळदीचा अभिमान असायला हरकत नाही. पण केळीच्या पानाची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला वाटतं.

हे पुस्तक जीवशास्त्र न शिकलेल्या वाचकासाठी आहे. सौंदर्यप्रसाधनांचा सल्ला त्यात सापडणार नाही, कुठल्याही मलमाची शिफारस नाही. मराठी शब्द होता तिथं तो घेतला. ‘फायब्रोब्लास्ट’ला ओढूनताणून पर्याय दिला नाही, कारण रुग्णाला डॉक्टरच्या तोंडून तोच शब्द ऐकू येणार आहे. प्रयोगांचं सांगताना माणसावर काय झालं आणि उंदरावर काय झालं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठेवलं आहे. वर्तमानपत्री बातम्यांत ते मिसळतं आणि आशेनं आलेले लोक फसतात. भाजणं, शस्त्रक्रिया आणि केलॉइड यांना पुस्तकात जास्त जागा मिळाली आहे, मुरुमांच्या खड्ड्यांना कमी. हा समतोल नाही हे मला माहीत आहे. जिथं वेळेवर कळलेल्या एका गोष्टीनं हात सरळ राहू शकतो, तिथं मी जास्त रेंगाळले.

मुखपृष्ठावरचं छायाचित्र मावशीच्या कोपराचं आहे. तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून वण सोडवला आणि मांडीची कातडी तिथं बसवली. त्यानंतर वर्षभर पट्टी, दाबाची बाही आणि रोजचा व्यायाम. फोटो काढताना तिनं पदर खांद्यावर घेतला आणि हात होईल तितका सरळ केला. शेवटचे थोडे अंश अजून राहतात. वेणी आता ती स्वतः घालते.